गाल तिचा, जबाबदारी आपली

चेहऱ्यावर तीळ असलेलं मूल आरशासमोर उभं राहून गाल घासू लागलं, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काढून टाका. दुसरा म्हणतो, त्यात काय एवढं? दोन्ही पक्षांची माया खरी असते आणि तरीही त्या दोघांच्या मध्ये मूल एकटं पडतं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या प्रश्नाला आणखी पदर आहेत. त्वचेवरच्या कोणत्याही खुणेला इथं कुष्ठरोगाची जुनी धास्ती चिकटलेली आहे. त्वचारोगतज्ज्ञ लांबच्या शहरात असतो आणि बिब्ब्याचं झाड गावाशेजारच्या जंगलात. म्हणून हा विषय इथल्याच दोन बायांच्या तोंडून मांडतो आहे. दोघी कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात आलेली वैद्यकाची, कायद्याची आणि सरकारी सोयींची माहिती मात्र खरी आहे. आई ब्रह्मपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आत्या धानोरा तालुक्यात परिचारिका आहे. मुलगी नऊ वर्षांची, आईच्याच शाळेत चौथीत. तिच्या चेहऱ्यावर सात तीळ आहेत आणि त्यातला नाकाशेजारचा जरा उंचवट्याचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोघी घरी भेटल्या आहेत.

आई: ताई, मी ठरवून टाकलंय. सुट्टी संपायच्या आत तिला नागपूरला नेते, प्लास्टिक सर्जनकडून तीळ काढून घेते आणि विषय संपवते.

आत्या: सगळे तीळ?

आई: सगळे. स्नेहसंमेलनाच्या नाटकात तिला राणीचं काम मिळालं होतं. झाडीपट्टीच्या नाटकांचं तिला केवढं वेड आहे ते तुम्ही जाणता. मंडईच्या जत्रेत नाटकाला नेलं की पहाटेपर्यंत डोळा मिटत नाही. त्याच पोरीनं घरी येऊन सांगितलं, मला काम नको, माझं पोट दुखते. मग तिच्या मैत्रिणीकडून कळलं की वर्गात तिला ‘तिळगूळ’ म्हणून हाका मारतात. ते ऐकून आजी हसली. म्हणाली, नाव तर गोडच आहे. पोरगी काही न बोलता उठून आत गेली. त्या रात्री तिनं नाकाजवळचा तीळ नखानं खरवडला, रक्त येईपर्यंत.

आत्या: रक्त येईपर्यंत? मग हे हसण्यावारी नेण्यासारखं नाहीच. पण वहिनी, पोट्टे चिडवतात म्हणून पोरीचा गाल कापायचा, हा कुठला न्याय? चूक करणारे मोकळे आणि टाके हिला?

आई: न्यायाचं मलाही कळतं. पण वर्गात मी उभी असते, ताई. मुलांना समज दिली की ती माझ्यासमोर गप्प बसतात. हातपंपावर, मधल्या सुट्टीत, पांदणीनं घरी जाताना मी नसते. माझ्या हातातलं साधन कुठपर्यंत पोचतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आत्या: आणि माझ्या हातातलं साधन कुठपर्यंत पोचतं, हे मला. तुम्हाला वाटतं दवाखान्यात नेलं की तीळ पुसल्यासारखा जातो. तीळ म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा एका जागी जमलेला पुंजका. उंचवट्याच्या तिळात त्या पेशी खोलवर गेलेल्या असतात. वरवर खरडून काढला तर तिथं पुन्हा रंग धरू शकतो. मुळासकट काढायचा तर तेवढ्या जागेला भूल देऊन कापावा लागतो, टाके घालावे लागतात. तीळ जातो आणि त्या जागी रेघ राहते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काहींचा व्रण नुसता राहत नाही, तो फुगतो, कडक होतो, खाजतो. त्याला केलॉइड म्हणतात. एका तिळाच्या जागी एक व्रण, तर सात तिळांच्या जागी किती, तुम्हीच हिशेब करा.

आई: चांगला सर्जन असेल तर दिसतसुद्धा नाही, म्हणतात.

आत्या: चांगला सर्जन असेल तर बारीक दिसतो. ‘काहीच उरणार नाही’ असं सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि तिचं वय बघा. शंभरातल्या एखाद्या बाळाला तीळ जन्मतःच असतो. बाकीच्यांना ते लहानपणापासून येऊ लागतात आणि तिशी-चाळिशीपर्यंत येत राहतात. वयात येताना आहेत तेही गडद होतात. आज सात काढले तरी पुढच्या वर्षांत नवे उगवणारच. तोवर आपण तिला एवढंच शिकवलेलं असेल की चेहऱ्यावर खूण आली की ती कापायची.

आई: हे मी मानते. पण तुमच्या बाजूचं दुसरं टोक मला मान्य नाही. आजी म्हणते, देवानंच तीट लावून पाठवलं. तिचे बाबा म्हणतात, नट्या तर मुद्दाम तीळ रंगवून घेतात. शेजारीण म्हणते, उजव्या गालावर आहे, पोरगी नशीबवान निघेल. पोरीचं प्रत्येकाला एकच उत्तर: ‘मग तुम्हाला काहून नाही?’ जो तो तिला पटवून देतो की तुला काही झालेलं नाही. तुला नेमकं काय होतंय, हे कुणी विचारत नाही.

आत्या: ते बरोबर बोललात. कौतुकानंही तोंड बंद करता येतं. पण नजर बदलता येते, हेही मी पाहिलंय. भामरागडकडे होते तेव्हा म्हाताऱ्या माडिया बायांची गोंदणं पाहायची. चेहऱ्यावर, हातांवर निळसर ठिपके आणि रेघा. त्यांच्यासाठी तो दागिना. मेल्यावर सोबत येतो तो एवढाच, असं मानतात. तिथं चेहऱ्यावरचा ठिपका कुणाला लपवावासा वाटत नव्हता.

आई: कारण तिथं तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. माझ्या पोरीच्या वर्गात तो तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर आहे. खुणेपेक्षा ते एकटं पडणं झोंबतं, ताई. आणि मला सांगा, त्याच बायांच्या नाती आज गोंदवून घेतात?

आत्या: खूप कमी.

आई: बघा. मोठ्या जगाची नजर त्यांच्यापर्यंतही पोचली. ती फिरवायला नऊ वर्षांचं पोर पुरं पडेल का?

आत्या: एकटं नाही पुरं पडणार. पण नजर तशीच राहू द्यायची आणि कातडी तेवढी बदलायची, हा हिशेब आपल्याच जिल्ह्यात एकदा चुकलेला आहे. वरोऱ्याचं उदाहरण घ्या. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, १९५१ मध्ये आनंदवन उभं राहिलं. पुढं १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग हमखास बरा होऊ लागला. तरीही बरे झालेले कितीतरी लोक आनंदवनातच राहिले, कारण घरानं, गावानं त्यांना परत घेतलं नाही. औषधानं जंतू मेला, पण लोकांची नजर होती तशीच राहिली.

आई: त्याच आनंदवनाचं मीही सांगते. तिथं आधी जखम धुतली गेली, औषध दिलं गेलं. बाबांनी कुणाला सांगितलं नाही की तुझी जखम सुंदर आहे असं मान आणि गप्प बस. उपचार दिला, सोबत शेती दिली, काम दिलं, पोटापुरतं कमावण्याचा मान दिला. दोन्ही दिलं. मग माझ्या पोरीच्या वाट्याला नुसता उपदेश काहून?

आत्या: कारण तीळ हा रोग नाही, वहिनी. रोगावर उपचार करायचाच असतो, त्यात निवड नसते. तीळ काढायचा की ठेवायचा, ही निवड आहे. आणि निवड म्हटली की ती कुणाची, हे आधी ठरवावं लागतं.

आई: रोग नाही, हे तुम्हाला माहीत. कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघर आल्या तेव्हा पोरगी धान्याच्या कोठीमागं लपली होती. कुणीतरी तिला विचारलं होतं, ‘चट्टा तर नाही ना?’

आत्या: मग तिला फरक दाखवा, नुसता सांगू नका. कुष्ठरोगाचा चट्टा भोवतालच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा तिथं स्पर्श कळत नाही. तीळ काळा किंवा तपकिरी असतो आणि तिथं स्पर्श पुरता कळतो. तिला डोळे मिटायला लावा, कापसाचं टोक तिळावर टेकवा आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगा. तिचं तिलाच कळेल. मात्र हे सांगताना एक सांभाळा. ‘तुला तसलं काही नाही गं’ असं नाक मुरडून म्हणू नका. कुष्ठरोगही बरा होतो, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आपल्या पोरीची लाज काढताना ती दुसऱ्याच्या पोराच्या माथी मारायची नाही.

आई: म्हणजे डॉक्टरला दाखवायचंच नाही, असं तुमचं म्हणणं?

आत्या: असं मी कधी म्हटलं? दाखवायचंच. आधी लक्ष कशाकडे ठेवायचं ते ऐका. तिळाच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसतात, तो सहा मिलिमीटरहून मोठा आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थोड्या महिन्यांत बदलतोय, न खाजवता त्यातून रक्त येतंय किंवा तो चिघळतोय, तर थांबायचं नाही. मूल वाढतं तसा तीळही सावकाश वाढतो, ते साधं आहे. तिळातून होणारा कर्करोग मुलांमध्ये अतिशय दुर्मीळ आहे आणि आपल्या लोकांत मोठ्यांनाही तो क्वचितच होतो. म्हणून घाबरायचं नाही, पण डोळा ठेवायचा. जन्मापासूनचा तळहाताएवढा डाग असेल तर मात्र ते मूल तज्ज्ञाच्याच नजरेखाली वाढलं पाहिजे.

आई: आणि त्यासाठी नागपूरच गाठायचं?

आत्या: आधी जवळचं बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत दरवर्षी येतं. २०१३ मध्ये पालघरहून हा कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं ते तपासतात आणि गरज असेल त्याला पुढं पाठवतात. वजन-उंची झाली की मुलं रांगेतून पळतात आणि शिक्षकही सही करून मोकळे होतात. त्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, हिच्या नाकाजवळचा तीळ बघा. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं त्वचारोगाची ओपीडी असते. आणि पर्लकोटेच्या पुरात वाट बंद होते अशा भामरागडच्या पोरासाठीही आता ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून डॉक्टरशी बोलता येतं.

आई: सासूबाईंचा उपाय याहून जवळचा आहे. म्हणतात, बिब्बा लावा, गळून पडेल. जत्रेत चुना आणि सोडा लावून चामखीळ काढून देणारा बसतो, त्याच्याकडे न्या.

आत्या: बिब्ब्याला हातसुद्धा लावू देऊ नका! ज्या तेलानं धोबी कपड्यावर न धुतली जाणारी खूण करत, ते पोरीच्या नाकाजवळ? कातडीवर लागलं की फोड येतात, जखम होते आणि ती भरल्यावर आधीच्या तिळाहून मोठा काळा डाग राहतो. चुना-सोड्यानंही कातडी जळतेच. घोड्याचा केस आवळून बांधला तर जागा पिकते. तिळावर लावायची जी मलमं ऑनलाइन विकतात, त्यातली कित्येक कातडी जाळूनच काम करतात. आणि जाळलेला तीळ तपासता येत नाही. दवाखान्यात कापलेला तीळ प्रयोगशाळेत पाठवून त्यात काही वावगं नाही ना, हे बघता येतं. लेझरनं जाळायच्या आधीही डॉक्टरनं तीळ साधाच असल्याची खात्री केली पाहिजे, ती याचसाठी.

आई: एक विचारते. सासूबाई असंही म्हणतात की हिच्या वेळी ग्रहणात मी अंगणात आले होते, म्हणून हे झालं.

आत्या: ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. पोटुशी असताना तुम्ही काय खाल्लं, काय पाहिलं, याचाही नाही. तीळ घराण्यात चालत येतात. माझ्या भावाची पाठ बघा, मोजता येणार नाहीत इतके आहेत. तो तुमचा दोष नाही आणि तिचाही नाही. पण तुम्ही इतकी वर्षं हे मनात ठेवलंत, म्हणून तुम्हाला घाई झालीये का? कारण मुलं आईच्या शब्दापेक्षा आईची घाई आधी ओळखतात. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहताना पहिल्यांदा तिळाकडे पाहत असाल, तर ते तिला कळलेलं आहे.

आई: असेल. मी तसं कधी तपासून पाहिलं नाही.

आत्या: नागपूरचं तिला विचारलंत?

आई: विचारलं. म्हटलं, तीळ काढायचे का? ती म्हणाली, दुखेल का?

आत्या: हा होकार नाही.

आई: नकारही नाही.

आत्या: नाही. म्हणजे विचारणं अजून झालेलंच नाही. एका वाक्यात हो-नाही मागू नका. कामात असताना, भाजी निवडताना, तिच्यावर डोळे न रोखता विचारा. कुणी काय म्हटलं? तेव्हा तू काय केलंस? सगळ्यात वाईट कधी वाटतं? सगळे तीळ सलतात की एखादाच? आणि तिचं बोलणं संपेपर्यंत उपाय सांगू नका. ‘तुला खूप वाईट वाटलं असेल’ एवढं म्हणा. मग ती खरं बोलेल.

आई: आणि ती शाळेत परत गेली, पुन्हा कुणी विचारलं, तर तिनं काय करायचं?

आत्या: ब्रिटनमध्ये जेम्स पार्ट्रिज नावाचा एक माणूस होता. अठराव्या वर्षी गाडीच्या अपघातात त्याचा चेहरा भाजला. पुढं १९९२ मध्ये त्यानं ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली, वेगळ्या दिसणाऱ्या माणसांसाठी. ते तीन पायऱ्या शिकवतात: सांग, निश्चिंत कर, विषय वळव. ‘हा तीळ आहे, लहानपणी आपोआप येतो. दुखत नाही आणि कुणाला लागतही नाही. चल, लंगडी खेळू.’ एवढंच. लाजून नाही, चिडून नाही. पण हे घरी चार वेळा बोलून बघावं लागतं. ऐन वेळी कुणालाच सुचत नाही.

आई: हे चांगलं आहे, पण इथं मला शिक्षिका म्हणून बोलू द्या. विचारणं वेगळं आणि चिडवणं वेगळं. पहिलीचं पोर तिळाकडे बोट दाखवून ‘हे काय?’ म्हणतं, ते कुतूहल असतं. त्याला तुमच्या तीन पायऱ्या पुरतात. उत्तर मिळूनही जो रोज ‘ए तिळगूळ’ म्हणतो, त्याला माहिती नको असते, हिचं रडणं हवं असतं. तिथं नऊ वर्षांच्या पोरीनं किती हुशारीनं बोलावं, ही अपेक्षाच चूक आहे. तिथं तिनं पाठ फिरवून मैत्रिणीजवळ जायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. पुढचं काम मोठ्या माणसाचं. ती चहाडी नाही, हे मी तिला स्पष्ट सांगायला हवं.

आत्या: पण तुम्हीच म्हणालात, तुमचं साधन हातपंपापर्यंत पोचत नाही.

आई: एका दिवसाची समज पोचत नाही. पण मी अजून सगळं केलेलं कुठं आहे? आमच्याकडे मोठी माणसंच ते नाव घेतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. शिक्षकानं गमतीनं घेतलेलं टोपणनाव मुलाला मानसिक त्रासच देतं. गुरुजींनीच ते नाव घेतलं तर मुलांना मोकळीकच मिळते. आधी ते थांबवणं माझ्या हातात आहे. दुसरं, वर्गात एक पाठ घेता येतो, पोरीचं नाव न घेता, तिच्याकडे न पाहता. प्रत्येकानं आपल्या अंगावरच्या खुणा शोधायच्या. डाव्या दंडावर बीसीजीचा वण जवळजवळ प्रत्येकाच्या निघतो. कुणाच्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा, कुणाच्या पायावर मोहफुलं वेचताना काटा लागल्याचा. मग त्वचेला रंग कशानं येतो, तीळ कसा तयार होतो, हे शिकवायचं. तीळ मोजायला लावले तर जवळजवळ सगळ्यांच्याच अंगावर निघतील.

आत्या: आणि रोज चिडवणाऱ्या दोघा-तिघांचं काय?

आई: त्यांना एकेकटं बोलवायचं, वर्गासमोर नाही. त्यांच्या पालकांशी बोलायचं. आणि आठवड्यानं पुन्हा विचारायचं, महिन्यानं पुन्हा विचारायचं. आम्ही एकदा ओरडतो आणि काम झालं समजतो, तिथं सगळं फसतं. राणीच्या कामाचंही तसंच. ते तिच्याकडून काढून घ्यायचं नाही आणि गळ्यातही मारायचं नाही. जागा तिच्यासाठी ठेवायची, तालमीला नुसतं येऊन बस म्हणायचं.

आत्या: रंगभूषेत तीळ झाकला जाईल, म्हणून ती तयार झाली तर?

आई: राणीला, प्रधानाला, शिपायाला, सगळ्यांनाच रंग लागतो. त्यात तिचा तीळ झाकला गेला तर हरकत नाही. रोज पावडरचा थर लावून शाळेत पाठवणं वेगळं. ते मी करणार नाही.

आत्या: मग आता मीही माझी बाजू पुरी सांगते. तीळ कधीच काढू नये, असं मला म्हणायचं नाही. नाकाजवळचा तो उंच तीळ टॉवेलला, नखाला अडकतोय. उद्या तो एकच तिला सलतोय असं ती म्हणाली, डॉक्टरनं तपासून साधा म्हटला, मागं व्रण राहील हे तिला चित्र काढून समजावलं आणि तरीही काही महिन्यांनी तिनं स्वतःहून ‘हवंच’ म्हटलं, तर काढू. एकच. मी सुट्टी टाकून सोबत येईन. फक्त उन्हाळ्यात नको. ब्रह्मपुरीचं ऊन ताज्या व्रणावर पडलं की तो काळा पडतो. आणि डॉक्टरला आधी विचारायचं, आमच्या घरात कुणाचे व्रण फुगत असतील तर त्यांचा सल्ला बदलेल का.

आई: आणि मी तिला एक गोष्ट स्वच्छ सांगेन. तीळ काढला तरी तो चिडवणं थांबावं म्हणून नाही. चिडवणं मी थांबवणार आहे, तीळ असो नाहीतर नसो.

आत्या: हेच मला हवं होतं. आणि तोवर तिच्यावर लक्ष ठेवा. पोट दुखणं वारंवार, शाळेचं नाव काढलं की रडणं, फोटोतून पळणं, तीळ खरवडणं, जेवण आणि झोप तुटणं, यातलं एखादंही काही आठवडे टिकून राहिलं तर ‘नाटकं करते’ म्हणू नका, डॉक्टरांशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं कधी तोंडून निघालं तर त्याच दिवशी. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक तिलाही पाठ असू द्या.

इथं दोघींचं बोलणं थांबतं. दोघी एका मतावर आल्या असं मी म्हणणार नाही. आईला अजूनही शाळेचा भरवसा पुरता नाही आणि आत्याला अजूनही सुरीचा नाही. पण ज्या दोन गोष्टी घरोघर एकमेकींत गुंतवल्या जातात, त्या त्यांनी सोडवून वेगळ्या केल्या. चिडवणं थांबवणं हे मोठ्यांचं काम आहे. तीळ ठेवणं किंवा काढणं हा मुलाचा निर्णय आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि सावकाश घेतलेला. पहिलं काम आपण टाळतो तेव्हा त्याची किंमत मूल स्वतःच्या गालावर मोजतं. आणि दुसरा निर्णय आपण घाईनं घेतो तेव्हा मुलाला कळतं की घरच्यांनाही त्याचा चेहरा चुकलेलाच वाटत होता.

मुलगे यातून सुटलेले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मुलीचा तीळ लग्नाच्या काळजीत मोजला जातो, म्हणून तिचं दुःख लवकर दिसतं. मुलाला मात्र ‘पोरगा असून आरसा बघतो’ असा टोमणा मिळतो आणि तो बोलायचंच सोडतो. त्यालाही तेच प्रश्न, तेवढ्याच सावकाश विचारले गेले पाहिजेत.

आपल्या घरात, वर्गात किंवा अंगणवाडीत एखाद्या मुलाला त्याच्या तिळावरून, डागावरून, वणावरून पडलेलं नाव असेल, तर ते आजपासून तुम्ही घेऊ नका आणि दुसऱ्यांनाही घेऊ देऊ नका, कितीही गोड वाटलं तरी. चेहऱ्याला बिब्बा, चुना, मलम काही लागू देऊ नका. शाळेत तपासणीचं पथक येईल त्या दिवशी मुलाला हात धरून पुढं उभं करा. आणि या सगळ्याच्या आधी मुलाजवळ बसा, त्याला काय वाटतं ते विचारा आणि त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.